दोघांनी दुरुस्त केलेली जीप

आमच्या घरात एक जीप आहे आणि ती दुरुस्त करणारी दोन माणसं. एकच माणूस असता तर ती फाल्गुनातच चालू झाली असती. हे मी तेव्हाही सांगितलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही. मला फक्त चहा मागायचे.

दोन माणसं म्हणजे माझे सासरे बबनराव आणि माझा नवरा सुजित. सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते, आता रिटायर झालेत. सुजित चाकणला असेंब्ली लाइनवर सुपरवायझर आहे. मीही चाकणलाच जाते, पण दुसऱ्या कंपनीत, प्रॉडक्शन प्लॅनिंगला. राहता राहिल्या सासूबाई, सोजरबाई. त्यांचा कुठल्याच यंत्रावर विश्वास नाही. मिक्सरसुद्धा त्या दुसऱ्याला चालू करायला लावतात आणि आपण चार पावलं मागे उभ्या राहतात. पूर्वी मला याचं हसू यायचं.

जीप पेट्रोलवरची, आजेसासऱ्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. थेरगावची शेती गेली, त्या जागी आमची चार मजली इमारत झाली, खोल्याखोल्यांत भाडेकरू आले. भाडेकरूंच्या दुचाक्या रस्त्यावर उन्हात उभ्या असतात आणि पार्किंगमधली एकुलती एक सावलीची जागा जीपला. त्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या मोनिकाने माझ्याशी बोलणं टाकलंय. जीपचं आणि माझं काय नातं, हे तिला कोण समजावणार?

पण जीपला हात लावायची सोय नाही, कारण तिला मान आहे. जत्रेच्या दिवशी देवाचा मुखवटा देवळातून नदीवर न्यायचा, स्नान घालून परत आणायचा, हा मान आमच्या घराचा. पूर्वी बैलगाडी असायची. बैल गेले तेव्हापासून जीप. गेल्या वर्षी ती नदीच्या चढावर बंद पडली आणि पोरांनी धक्के मारमारून देव देवळापर्यंत आणला. त्यानंतरच्या बैठकीत गावकीतल्या कोंडाजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पुढच्या जत्रेला गाडी स्वतःच्या ताकदीनं देवळापुढे आली तर ठीक, नाहीतर मान रणजीतच्या घराकडे जाईल. रणजीत माझा चुलतदीर. त्याच्याकडे पांढरीशुभ्र नवी गाडी आहे, छत उघडणारी. सासरे एवढंच म्हणाले, "येईल." घरी आल्यावर मात्र ते जेवले नाहीत.

मी मूळची उदगीरकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, एका मुखवट्याची फेरी, ती कुणाच्याही गाडीतून झाली म्हणून देव थोडाच रुसणार आहे. पण देव नाही रुसला तरी भावकी विसरत नाही. मान एकदा गेला की परत येत नाही, आणि तो बबनरावांच्या हातून गेला, हे पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, प्रत्येक दहाव्याला निघणार. सासऱ्यांना ते ठाऊक होतं आणि हळूहळू मलाही कळलं.

म्हणून हिवाळ्यात इंजिन उतरवलं. दोघांनी मिळून. भोसरीच्या वर्कशॉपमधून आतलं काम करून आणलं आणि महाशिवरात्रीच्या आसपास ते परत जोडायला बसले. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं, हे मी मुद्दाम सांगते. सुजित पाना मागायच्या आधी सासरे तो पुढे करायचे. मला वाटायचं, चला, बरं चाललंय.

मग ऑइल पंप बसवायची वेळ आली. सासरे म्हणाले मी बसवतो, सुजित म्हणाला तुम्हाला नीट दिसत नाही, मी बसवतो. दोघांनी एकदम धरला, ओढाताण झाली आणि तो एकदाचा आत गेला. इंजिन पूर्ण जोडलं, सेल्फ मारला आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की मोनिकाचं तान्हं बाळ तासभर रडत होतं.

नेमका त्या वेळी रणजीत तिथे उभा होता. सोबत आणखी दोघं-तिघं. सुजितला लाज वाटली असावी. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, हे संपलंय आता. कितीही कुरवाळलं तरी चालायचं नाही. उचलून टाकू आणि डिझेल बसवू." डिझेलचं इंजिन त्याने आधीच एका भंगारवाल्याकडून आणून ठेवलं होतं, पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली.

सासऱ्यांनी हातातला पाना फडक्याने पुसला, जागेवर ठेवला आणि ते वर निघून गेले. त्या दिवसापासून बाप-लेकांचं बोलणं बंद.

मला आधी कळेना, एका इंजिनावरून एवढं काय. सासूबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं. "रिटायर झाल्यापास्नं त्यांना कोन काय विचारतं का गं? कंपनीत पोरं इचारायला यायची. आता हितं कुनी न्हाई. ते विंजनाचं न्हाई समजले. सोताचं समजले." मी हे सुजितला सांगितलं. तो म्हणाला, असं कसं समजतील, मी स्पष्ट इंजिन म्हणालो. मी कपाळाला हात लावला.

आता खरा ताप सुरू झाला. दोघं बोलत नव्हते, पण जीप दोघांनाही सोडवत नव्हती. सुजित फर्स्ट शिफ्टला पहाटे निघून गेला की सासरे खाली उतरायचे. सासरे संध्याकाळी पारावर गेले की सुजित खाली. आणि मधे मी. सासरे म्हणायचे, त्याला म्हणावं कार्बोरेटरला हात लावू नको. सुजित म्हणायचा, बाबांना सांग कॉइल नवीन आहे, जुनी परत लावू नका. हे निरोप मी चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये जन्म घालवून, बसमधून उतरून, घामाने निथळत आणलेली भाजीची पिशवी हातात असताना घ्यायचे. ज्याला निरोप द्यायचा तो कधी कधी शेजारच्या खोलीत असायचा. एक दिवस जेवताना सासरे म्हणाले, त्याला म्हणावं मीठ इकडं सरकव. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी दोघांना सांगून टाकलं, की दिवसभर कंपनीत मी याचं त्याला आणि त्याचं याला हेच करते, त्याचा मला पगार मिळतो. घरी आजपासून बंद. मीठ मीच सरकवलं, पण निरोप बंद.

निरोप बंद झाले, दुरुस्ती चालू राहिली. बारही चालू राहिले. सकाळी एक सासऱ्यांचा, संध्याकाळी एक सुजितचा. प्लग बदलून झाले, कॉइल बदलून झाली, कार्बोरेटर तर इतक्यांदा उघडला की त्याचे स्क्रू नुसत्या बोटांनी फिरायला लागले. सगळं ठीक दिसायचं आणि बार उडायचा. भाडेकरू तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे, कारण दोघांपैकी कोणाला काही बोलायची कोणाची हिंमत नव्हती. मला सुजितचाच जास्त राग यायचा. वाटायचं, याला डिझेल बसवायचंय, म्हणून हा रोज संध्याकाळी खाली जाऊन म्हाताऱ्याने केलेलं काम बिघडवून येतो. सासऱ्यांनाही तेच वाटत असणार. ते बोलले नाहीत, पण सुजित घरात आला की पेपर उघडून तोंडासमोर धरायचे.

जत्रा गुरुवारी आली. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सगळे घरी. दुपारी कोंडाजींचा फोन आला, तो मीच घेतला, कारण दोघांपैकी कोणी घेईना. ते म्हणाले, चारला देव बाहेर निघेल, रणजीतच्या गाडीला हार घालून ठेवलाय, तुमची आली तर काढू. वाईट बोलले नाहीत. पण हार घातलाय म्हणाले.

मी खाली गेले. सासरे जीपच्या डाव्या बाजूला पोत्यावर बसले होते. सुजित उजव्या बाजूला बॉनेटमध्ये डोकं घालून. भांडणानंतर पहिल्यांदाच दोघं एका वेळी जीपपाशी होते आणि तरी एकमेकांकडे पाठ. सासरे डोळे बारीक करून तोच प्लग पुन्हा पुन्हा पुसत होते. मला राग आला, खूप राग आला, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. दोन्ही एकदम आल्यामुळे माझा आवाज चढला.

"सुजित," मी म्हटलं, "तुझ्या लाइनवर शिफ्ट सुटताना काय करतात?"

तो म्हणाला, हँडओव्हर. मी म्हटलं, कसा? तो म्हणाला, तुला माहितेय की. मला माहीतच होतं. जाणारा आणि येणारा मशीनपाशी समोरासमोर उभे राहतात. काय उघडलं, काय बदललं, काय राहिलं, तोंडाने सांगायचं. दोघांचं एकमेकांशी पटत नसलं तरी सांगायचं. त्याशिवाय जाणाऱ्याला जाता येत नाही. सुजित हे आपल्या माणसांकडून रोज करून घेतो, आणि सासऱ्यांनी नोकरीभर तेच केलं. दोघंही त्यात पक्के आणि घरच्या एका जीपसाठी मात्र दोघांची दातखीळ बसलेली.

"मग उभे राहा," मी म्हटलं. "इकडे एक, तिकडे एक. काय केलं तेवढंच सांगायचं. का केलं ते मला नको. बाबा, आधी तुम्ही."

सासरे उठले. मला वाटलं होतं, सून अशी बोलते म्हणून ते वर निघून जातील. पण बहुतेक वेळ इतकी कमी होती की रागावायलाही फुरसत नव्हती. त्यांनी बॉनेटवर हात टेकला आणि कंपनीत बोलत असतील तशा आवाजात सांगायला सुरुवात केली. प्लग साफ केले. कॉइल तपासली. पॉइंट घासले. "आन् त्याच्या आदी, बॅटरी चार्जिंगला गेलती त्या दिवशी, ऑइल पंप काढला. उलटा बसला व्हता, अर्धा फेरा. सरळ करून बसवला, पर बॅटरी न्हाई म्हनून चालवून बघता आला न्हाई."

सुजितने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "कधी म्हणालात?"

"बॅटरी गेलती त्या दिवशी. सकाळी."

"मी त्याच दिवशी संध्याकाळी बॅटरी घेऊन आलो," सुजित म्हणाला. "पंप उलटा आहे हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण तो काढायचा म्हणजे वेळ जातो. म्हणून मी पंप तसाच ठेवला आणि वर प्लगच्या वायरींची अदलाबदल केली. समोरासमोर."

मला यंत्रातलं कळतं ते एवढंच, की ठिणगी वेळेवर पडली तर गाडी चालते आणि अवेळी पडली तर बार उडतो. ठिणगी वाटणारी चकती ऑइल पंपाच्याच दांड्यावर फिरते, म्हणून पंप उलटा बसल्यामुळे ती अवेळी पडत होती. सासऱ्यांनी चूक खालून सुधारली, सुजितने वरून. दोघांचंही बरोबर. दोन्ही बरोबर एकत्र आल्यावर ठिणगी पुन्हा जिथल्या तिथे, अवेळी. आणि पुढे इतके दिवस सासरे वायरींकडे बघेनात, कारण त्यांनी त्या हलवल्या नव्हत्या, आणि सुजित पंपाकडे बघेना, कारण त्याने तो उघडला नव्हता. आपण हात लावला नाही म्हणजे ती वस्तू जागची हलली नाही, असा या घराचा पक्का समज आहे.

मग सासरे म्हणाले, "तुला तर डिझेल टाकायचं व्हतं. मग ह्या वायरी कशापायी बदलत बसलास?"

सुजित खाली बघत म्हणाला, "जत्रेपर्यंत हे चालू व्हायला पाहिजे होतं ना."

मी मनातल्या मनात त्याला घातलेल्या सगळ्या शिव्या मागे घेतल्या. सासऱ्यांनी चष्मा शोधायला खिसा चाचपला, तो वर राहिला होता, ते वर गेले. मीही गेले, कोंडाजींना फोन करून आलोच म्हणून सांगायला आणि जत्रेसाठी तयार व्हायला. आता उरलं काय होतं? दोघांपैकी एकाने आपलं काम परत फिरवायचं, बस.

पाऊण तासाने मी खाली आले तेव्हा सासरे पोत्यावरून उठून हात पुसत होते आणि सुजित कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरून कॅन भरून नुकताच परत आला होता. मी विचारलं, झालं? सासरे म्हणाले, झालं. सुजितही म्हणाला, झालं. दोघांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सुजितने सेल्फ मारला. बार उडाला. वरून बाळाचं रडणं सुरू झालं.

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. सासरे हळूच म्हणाले, "मी पंप व्हता तसा उलटा केला. म्हनलं, त्याच्या वायरी राहू देत." सुजित म्हणाला, "मी पेट्रोलला जायच्या आधीच, बाबा वर असताना, वायरी होत्या तशा लावल्या. म्हटलं, बाबांचा पंप राहू दे."

मला खरंच रडू आलं. इतके दिवस भांडून एकमेकांचं काम पुसलं, आणि आता समजूतदारपणाने परत तेच. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, हात वर करा." ते बघतच राहिले. मी म्हटलं, "वर. दोन्ही. सुजितचं होईपर्यंत खाली आणायचे नाहीत." कारखान्यात माणसं ज्यांच्या हाताकडे बघून शिकली, ते माझे सासरे स्वतःच्या पार्किंगमध्ये हात वर करून उभे राहिले. जिन्यातून सासूबाई बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पंप सरळ करनं हेच खरं काम हाय," हात वर ठेवूनच सासरे म्हणाले. "वायरी बदलनं म्हंजी जुगाड." मग थोडं थांबून, थेट सुजितला, "पर येळ न्हाई. कर तू. मी हात लावत न्हाई."

सुजितने वायरी बदलल्या. सेल्फ मारला. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. कुरकुरलं, हललं, पण चालू राहिलं. सासऱ्यांचे हात अजून वरच होते. मी म्हटलं, खाली घ्या आता. त्यांनी ते खाली घेतले आणि शर्टच्या बाहीला डोळे पुसले.

देवळापुढे जीप पोचली तेव्हा देव उंबऱ्यापर्यंत आला होता. रणजीतने स्वतःच आपल्या गाडीचा हार काढला आणि जीपला घातला. तो माणूस वाईट नाही, मी उगाच त्याला नावं ठेवते. सासरे सवयीने ड्रायव्हरच्या सीटकडे गेले, मग वळून डावीकडे बसले. नदीपर्यंत आणि परत, पूर्ण वेळ इंजिन बंद करायचं नाही असं ठरलं, कारण परत चालू होईल याची खात्री देवालाही नव्हती. चढ आला तेव्हा सासरे समोर काचेकडे बघत म्हणाले, "दुसरा टाक." सुजितने दुसरा गिअर टाकला. चढ पार झाला.

मला वाटलं, झालं. संपलं एकदाचं. घराला सुख लागलं.

शुक्रवारी सुजितची सेकंड शिफ्ट होती. मी बसला निघताना दोघांचा चहा घेऊन खाली गेले, तर बॉनेट उघडं. सासरे टेप घेऊन इंजिनाच्या जागेची मापं घेत होते आणि सुजित घुश्शात डिझेल इंजिनावरची ताडपत्री दोरीने आवळून बांधत होता.

"त्याला म्हणावं," सासरे मला म्हणाले, "जत्रा झाली, शबूद राहिला. आता टाक डिझेल. मी मापं काढून देतो."

"बाबांना सांग," सुजित म्हणाला, "डिझेल आज भंगारात परत जातंय. हे इंजिन इथून निघणार नाही."

"त्याला म्हणावं, माझ्यापायी कशाला? मी काय म्हनत न्हाई."

"तुमच्यापायी नाही," सुजित म्हणाला, मग आठवण झाली तसा माझ्याकडे वळला. "बाबांना सांग, त्या दिवशी मी बोललो ते फक्त इंजिनाबद्दल बोललो होतो. आणि तेही चुकलंच."

सासऱ्यांनी टेप हळूहळू गुंडाळली. "त्याला म्हणावं, कळलं मला. तू वायरी बदलल्याचं ऐकलं तवाच कळलं."

दोघांमध्ये अंतर होतं ते एका बॉनेटचं. मी दोन्ही कप त्याच्यावर ठेवले आणि म्हटलं, हा हँडओव्हर तुमचा तुम्ही करा, माझी बस आहे. पर्स उचलून तरातरा फाटकापर्यंत गेले. रस्त्याच्या टोकाला बसचा हॉर्न वाजला. पण मागून काहीच आवाज येईना, ना पान्याचा, ना माणसांचा, म्हणून माझा पाय निघेना.

मग सासऱ्यांचा आवाज आला. "चहा गार व्हतोय. घे की."

तेवढं ऐकायला मी थांबले आणि माझी बस गेली.